चिटणिसाची हरकत

वानखडे सर,

मागच्या शनिवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही त्यांचेच विद्यार्थी. अक्षरही बरं आहे. तुम्हीच लिहा." मी लिहिलं. दीड पान झालं. त्यात एक वाक्य खोटं आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे.

ते वाक्य ही शाळा काढणारे, संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब बोलले. आता ते काठी घेऊन चालतात, पण आवाज अजून मैदानभर पोचतो. ते म्हणाले, "वानखडे गुरुजी आपल्याकडे थोडेच दिवस होते. पुढे घरच्या अडचणीमुळे ते स्वखुशीने शाळा सोडून गेले. पण माणूस चांगला." मुलं रांगेत उभी होती. त्यांतल्या एकालाही तुम्ही कोण ते माहीत नव्हतं. मी टेबलाशी बसून 'स्वखुशीने' हा शब्द लिहिला. पेन अडखळलं नाही, हेही सांगायला हवं. सभेत जे बोललं जातं ते चिटणिसानं लिहायचं, बोललेलं खरं की खोटं हे त्यानं लिहिताना ठरवायचं नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं. खऱ्याखोट्यासाठी तुमची वेगळी सोय होती. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचलं जायचं. वाचून झालं की तुम्ही विचारायचात, "कोणाची हरकत?" आणि बोटांच्या पेरांवर सावकाश दहापर्यंत मोजायचात. दहा झाले की सही.

शोकसभेचं इतिवृत्त काल शिक्षकांच्या सभेत वाचायचं होतं. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. क्रम सोडायचा नाही, हेही तुमचंच.

सर, मी थकलो आहे. दुःख आहेच, पण सगळ्याच्या वर थकवा आहे. आता या शाळेचे शनिवार माझ्याकडे आहेत. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, बाग, गॅदरिंगचं नाटक. सकाळच्या शाळेची अकराची घंटा झाली की बाकीचे शिक्षक सायकली काढतात आणि मी मुलांना थांबवतो. निम्मी मुलं खिडकीबाहेर पाहत असतात. त्यांचा दोष नाही, त्यांना भूक लागलेली असते. मलाही लागलेली असते. घरी गेल्यावर बायको दोनदा विचारते तेव्हा कुठे मी एकदा उत्तर देतो. आणि दर शनिवारी मनात येतं, की सरांनी त्या एका वर्षात हे सगळं एकट्यानं कसं ओढलं असेल? आम्हाला तर तुम्ही कधी थकलेले दिसला नाहीत.

तुम्ही त्या जूनमध्ये आलात तेव्हा मी नववीत होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या वर्गातल्या नकाशात आपला जिल्हा अजून मध्यप्रदेशातच होता. पहिल्याच शनिवारी तुम्ही तो नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला आणि व्हरांड्याच्या भिंतीवर गेरूनं नवा काढायला लावला. आम्ही आपल्याच बाजूनं सुरुवात केली. दुसरबीड आलं, साखरखेर्डा आलं, मेहकर, लोणार, जानेफळ आलं. ज्याला त्याला आपलं गाव हवं होतं, आणि मामाचंही. गावं बसवता बसवता बुलढाणा जिल्हा एवढा फुगला की उरलेल्या राज्याला भिंत पुरेना. मुंबई दाराच्या चौकटीवर गेली. तेव्हाचे हेडमास्तर चिडले. तुम्ही कमरेवर हात ठेवून पाहत राहिलात आणि म्हणालात, "राहू द्या सर. पोराइनं जेवढं पाह्यलं तेवढं मोठं काढलं. पुढं पाहतीन तं दुरुस्त करतीन." त्या भिंतीला नंतर कितीदा तरी चुना लागला. पावसाळ्यात भिंत ओलावली की गेरूच्या रेघा अजून वर येतात. दुरुस्ती कोणी केलेली नाही.

मला चिटणीस केलंत तेही त्याच महिन्यात. आज काय झालं ते प्रत्येकानं अर्धं पान लिहा, असं तुम्ही सांगितलं होतं. मी लिहिलं होतं, "सर आले. सर पाणी प्यायले. सर दोनदा खोकले. मग ते बोलले." तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत आणि सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील दुसरबीडच्या शिवारात वांगी-मिरच्या पिकवत आणि बाजारात नेऊन विकत. काय लिहायचं आणि काय सोडायचं, हे घरी कोण सांगणार? म्हणून मी सगळंच लिहायचो. हसू थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "हसून काय राह्यले बे? तुम्ही सगळ्याइनं माहं भाषण लिहिलं, माहा खोकला एकानंच लिहिला. हाच चिटणीस." त्या दिवसापासून तुम्ही मला गजानन म्हटलं नाही. शेवटच्या पोस्टकार्डावरही 'चि. चिटणीस' असंच होतं.

मग ती शेळी. ऑगस्टमध्ये आम्ही भित्तिपत्रकाचा अंक केला, चार मोठे कागद, रंगीत समास, आणि ज्वारीच्या पिठाची खळ करून व्हरांड्यात चिकटवला. खळ घट्ट आणि चांगली झाली होती. तेच नडलं. सोमवारी पाहतो तर खालचे दोन कागद नाहीत आणि वरच्या दोन्हींना दातांच्या खाचा. मी इतिवृत्तात लिहिलं, "स्वातंत्र्यदिनाचा अंक शेळीने खाल्ला. शेळी कोणाची हे समजले नाही." शनिवारी वाचलं. तुम्ही विचारलंत, "कोणाची हरकत?" दहापर्यंत मोजलंत. कोणी बोललं नाही. मग तुम्हीच म्हणालात, "माही हरकत आहे. चिटणीस, शेळी कोणाची होती?"

मी खाली पाहिलं. शेळी शाळेचे शिपाई नामदेवभाऊ यांची होती आणि ते दारातच घंटेचा हातोडा घेऊन उभे होते.

"तुले माहीत आहे का नाही?"

"माहीत आहे, सर."

"मंग 'समजले नाही' काऊन लिहिलं? ज्याले माहीत नाही त्यानं लिहिलं तं चालते. माहीत असून लिहिलं तं ते खोटं होते."

मी खोडून लिहिलं, "शेळी शिपाई नामदेव यांची होती." नामदेवभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पाण्याच्या माठापाशी गाठून म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, माह्या शेळीचं नाव सरकारी वहीत घातलं? आता तिले काय वारंट येते का?"

सर, तुम्ही हसत कमी, पण ते ऐकून तुम्ही खडू खाली ठेवून हसला होतात.

ते वर्ष असं सगळं त्या वहीत आहे. विज्ञान मंडळानं साबण केला. साबण जमला नाही, हात मात्र सोलले. बागेत कोबी लावला. कोबी आला आणि तो कोणी नेला हे खरंच समजलं नाही. फुटक्या आरशाचे तुकडे आणि पुठ्ठा घेऊन आम्ही पेरिस्कोप केला आणि आठवडाभर सगळी शाळा भिंतीआडून एकमेकांना पाहत होती. डिसेंबरात सहा बैलगाड्या करून लोणारला गेलो. त्या सरोवराच्या काठावर उभे राहून तुम्ही आम्हाला उल्का, खारं पाणी असं बरंच सांगणार होतात. आदल्या दिवशी तयारी केलेला कागद तुमच्या हातात होता. तुम्ही खाली पाहिलंत आणि कागद खिशात घातला. मी लिहिलं, "सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आम्ही शिदोऱ्या सोडल्या." ते वाचल्यावर तुम्ही म्हणालात, "हे बरं लिहिलं."

आता त्या पानाकडे येतो. ते नोव्हेंबरमधलं आहे, लोणारच्या आधीचं. मी ते टाळत होतो हे तुम्ही ओळखलं असेल.

वादविवादाचा विषय होता, मुलींनी मॅट्रिकपर्यंत शिकावं का. शाळेत मुली तीन. बोलायला उभी राहिली एकटी कमल, दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. तिनं सुरुवात चांगली केली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मोठ्या लोकाइच्या पोरी चौथीतच बसल्या घरी, तूच काऊन बॅरिस्टर होऊन राह्यली?" पोरं हसली. कमल थांबली. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, तेही मी लिहिलं आहे. तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात. तुम्ही रागावलेले नव्हता. तुम्ही जे बोललात ते मी शब्दन् शब्द उतरवलं: "तो मुलगा चुकीचं बोलला नाही. ज्यांनी या गावात शाळा काढली, त्यांची स्वतःची मुलगी चौथीनंतर शाळेत आली नाही. हा प्रश्न आधी त्यांना विचारायला हवा. पण तो विचारायची हिंमत माझ्यातही नाही. कमल, तू बोल."

आणि कमल बोलली. घंटेपर्यंत बोलली. माझं ते सगळ्यात मोठं इतिवृत्त झालं, साडेचार पानं. पुढच्या शनिवारी मी ते वाचलं, तुम्ही दहा मोजले, हरकत आली नाही, तुम्ही सही केलीत. सही करताना तुमचा हात थांबला होता का? मी तेव्हा पाहिलं नाही. चिटणीस म्हणून ती माझी चूक.

जानेवारीत गॅदरिंग. आठवीच्या वर्गात प्रदर्शन मांडलं होतं. पेरिस्कोप, हस्तलिखित, बागेतली वांगी, आणि एका टेबलावर इतिवृत्ताची वही आणि तिच्यामागे मी, वडिलांचा धुतलेला सदरा घालून. आबासाहेब फेटा बांधून आले. बरोबर हेडमास्तर आणि गावातली आठ-दहा माणसं. तुम्ही खिडकीपाशी होतात. आबासाहेबांनी वही उघडली आणि पान बोटानं चाचपलं.

"कोणाचं अक्षर?"

"माझं."

"छापल्यासारखं आहे. वाच बरं एखादं पान. चांगलं पाहून वाच."

सर, त्या वहीत शेळी होती, साबण होता, लोणार होतं. त्यांतलं काहीही वाचलं असतं तर ती माणसं हसत हसत पुढच्या टेबलाकडे गेली असती. पण मला चांगलं पाहून वाचायला सांगितलं होतं, आणि माझ्या लेखी सगळ्यात चांगलं पान म्हणजे सगळ्यात मोठं. मी वादविवाद काढला. कमलची ओढणी वाचली. मागच्या बाकावरचं वाक्य वाचलं. तेव्हा मला पुढचं वाक्य दिसलं. दोन ओळी खाली. मी थांबलो आणि तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही मान हलवलीत.

किंचित. डावीकडे की खाली, ते मला आजही सांगता येत नाही. खिडकीचा उजेड तुमच्या पाठीमागून येत होता. मला वाटलं, तुम्ही म्हणता आहात, वाच. मी वाचलं. सगळं वाचलं, "हिंमत माझ्यातही नाही" पर्यंत.

आबासाहेबांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "कोणाचा रे तू?"

"दुसरबीडच्या माळ्याचा."

"हं. अक्षर चांगलं आहे." आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांनी पेरिस्कोपातून खिडकीबाहेर पाहिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलच्या शेवटी तुम्हाला कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी येऊ नका. कारण कोणी सांगितलं नाही. तुम्ही कोणाला विचारलं नाहीत. जूनमध्ये तुमच्या जागी दुसरे सर आले आणि त्यांनी शनिवारी अकराला सुट्टी दिली. आम्ही पोरं खूश झालो. मीही झालो होतो, एक-दोन शनिवार. खोटं कशाला सांगू?

तुम्ही जानेफळकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत गेलात. हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस मुळाक्षरं गिरवून घ्यायला लागला. पण माझं बोट तुम्ही सोडलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टकार्ड यायचं. मॅट्रिकच्या वर्षी तुम्ही साखरखेर्ड्याच्या बाजारात माझ्या वडिलांना गाठलंत. वडील तो प्रसंग अजून सांगतात. तुम्ही वांगी निवडत निवडत म्हणालात, "बुवा, पोराले कॉलेजात घाला."

वडील म्हणाले, "मास्तर, पोरगं लिहिते तं मस्त. पण काय लिहिते ते मले कुठं वाचता येते?"

"तुम्हाले नाही येत म्हणूनच घाला. उद्या त्याचं लिहिलेलं वाचणारे घरात पाहिजेत न."

वडिलांनी त्या दिवशी तुमच्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकल्या आणि मला कॉलेजात घातलं. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, आणि नोकरी लागली ती याच शाळेत, याच संस्थेत. मुलाखतीत आबासाहेबांनी माझं अक्षर पाहिलं, पण मला ओळखलं नाही. मी आठवण करून दिली नाही. तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "शनिवार सोडू नको."

त्या भेटीत आपला वाद झाला होता. तुम्ही मला एस.टी.पर्यंत पोचवायला आला होतात. मी म्हणालो, "सर, सगळंच लिहायचं नसतं. काही गोष्टी गाळल्या तर कोणाचं तरी नुकसान टळतं."

"कोणाचं?"

मला 'तुमचं' म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "कोणाचंही."

"कोणाचंही म्हंजे कोणाचंच नाही. नाव सांग."

गाडी आली. कंडक्टर घाई करत होता. मी चढलो. तुम्ही खिडकीपाशी आलात, काही बोलणार होतात, आणि गाडी निघाली. मला वाटलं, पुढच्या वेळी. नंतर मी सहा-सात वेळा येऊन गेलो असेन. आपण पावसापाण्याचं बोललो, परीक्षांचं बोललो, शनिवारी कोणती मुलं थांबतात ते बोललो. मी तुमची नोकरी घालवली, हे मला म्हणायचं होतं. तुम्ही मान कशासाठी हलवली होती, हे विचारायचं होतं. दर वेळी मी चहा पिऊन उठलो.

या बुधवारी काकूंना भेटायला गेलो. ओट्यावर तुमची काठी तशीच टेकलेली होती. काकूंनी चहा केला, आणि कप माझ्या हातात देऊन समोर बसल्या.

"त्याइले तुले एक गोष्ट सांगायची होती," त्या म्हणाल्या. "तू येऊन गेला का दर खेपेले म्हणत, आजबी राह्यलं."

"कोणती, काकू?"

"ती ग्यादरिंगची. म्हणत, पोरानं माह्याकडं पाह्यलं. म्या मान हालवली, थांब म्हणून. भ्यालो होतो, म्हणत. वर्षभर पोराले शिकवलं का काही गाळू नको, अन् येळ आली तं म्याच मान हालवली. पण पोरगं माहं आयकलं नाही. त्यानं वाचलं. त्याच्यात माह्यापेक्षा हिंमत निघाली, म्हणत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मास्तर होते न बापा. शिकवलेल्या पोराले कसं सांगतीन, का भ्यालो म्हणून?" काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मग, जणू आताच आठवलं, तसं हसून म्हणाल्या, "त्या वर्षी शनिवारी घरी आले का चपला पायातच ठेवून जमिनीवर पडून राहत. जेवाले उठत नसत. म्हणत, पोराइले सांगू नको."

सर, परतीच्या गाडीत मी खूप वेळ त्या जमिनीचाच विचार करत होतो. तुम्ही थकत होतात, हे कळून मला बरं वाटलं. तुम्ही भ्यालात, हे कळूनही. पण तिसरी गोष्ट टोचत राहिली. तुम्ही समजत होतात की मी तुमची मान ओळखून, ती मोडून वाचलं. तसं नव्हतं. मला ती मान कळलीच नाही. मला वाटलं होतं, वाच. तुम्ही सांगितलं असं समजून मी वाचलं. जी हिंमत तुम्ही इतकी वर्षं माझ्या नावावर धरून बसलात, ती माझ्यात नव्हती. आणि हे ऐकायला आता तुम्ही राहिला नाहीत.

मग काल शिक्षकांची सभा झाली. नव्या खोल्यांचं बोलायचं होतं म्हणून आबासाहेबही येऊन बसले होते. हेडमास्तर म्हणाले, "आधी मागचं वाचून घ्या." मी वाचलं. दीड पान, 'स्वखुशीने' सकट. वाचून झाल्यावर हेडमास्तर सहीसाठी पेन उघडत होते. मी म्हणालो, "कोणाची हरकत?"

आमच्या सभेत असं कोणी विचारत नाही. सगळ्यांनी वर पाहिलं. मी पेरांवर मोजायला लागलो. पाचपर्यंत वाटत होतं की कोणीतरी बोलेल. सातला कळलं की त्या खोलीत हे माहीत असलेले आम्ही तिघेच आहोत. आबासाहेब, मी, आणि चहाचं तबक घेऊन दारात उभे असलेले नामदेवभाऊ. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सर, ती मात्र मला नीट कळली.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो. "वानखडे सर स्वखुशीने गेले नाहीत. त्यांना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. गॅदरिंगच्या दिवशी त्यांचं एक वाक्य मी आबासाहेबांसमोर वाचलं होतं, त्यानंतर."

आवाज चांगला निघाला नाही. मध्येच चिरकला. हिंमत म्हणतात ती अशी असेल तर ती फार काही देखणी गोष्ट नाही.

आबासाहेब काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. म्हणाले, "दुसरबीडच्या माळ्याचा तूच का?"

"हाव."

"अक्षर तसंच आहे अजून." ते उठले. नव्या खोल्यांचं बोलणं राहून गेलं. जाताना हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "आता हेही लिहिता का काय?" मी म्हणालो, "लिहिलं, सर." पुढच्या जूनमध्ये माझं काय होईल ते मला माहीत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन.

सगळे गेल्यावर नामदेवभाऊ खिडक्या लावत होते. म्हातारे झालेत, वरची कडी आता त्यांच्या हाताला येत नाही. मी उठून लावली. ते वहीकडे पाहत म्हणाले, "घातलं का रे वहीत? आबासाहेबाचं?"

"घातलं."

"बरं केलं." त्यांनी कप गोळा केले. "माह्या शेळीचं घातलं होतं, तं त्याइचं काऊन नाही?"